लहानपणची अंतराळ-मालिका पुन्हा बघायची आहे? मग आधी एवढं करा

त्या यंत्रमानवाचे डोळे लालभडक होते, यावर मी कुणाशीही पैज लावली असती. अंधाऱ्या बोगद्यातून तो येतो, आधी फक्त दोन लाल ठिपके दिसतात, मग पावलांचा आवाज. कित्येक वर्षांनी त्या मालिकेचा डीव्हीडी संच हाती पडला तेव्हा सगळं सोडून तोच भाग आधी लावला. डोळे निघाले फिकट हिरवे. बोगदाही नव्हता, साधा पॅसेज होता. जरा वेळाने डोक्यात प्रकाश पडला: आमच्याकडे तेव्हा कृष्णधवल टीव्ही होता. लाल रंग मीच भरला होता, आणि इतकी वर्षं तो जराही विटला नव्हता.

लहानपणची मालिका पुन्हा लावणाऱ्यांचा हिरमोड होतो तो बहुधा इथेच. आपण तेव्हा पाहिलेली असते त्या मालिकेची एक प्रत: कुणीतरी कापलेली, कधी दुसऱ्या भाषेत बोलवलेली, भलत्याच क्रमाने दाखवलेली आणि लहानशा फुगीर काचेवर उमटलेली. डिस्कवर येते ती दुसरीच प्रत. दोघींची ओळख नीट करून दिली तर बघण्याला रंग चढतो. नाही दिली तर दुसऱ्या भागाच्या मध्यावरच हात मोबाइलकडे जातो.

पहिलं काम: कागद आणि पेन

संच मागवण्याआधी, इंटरनेटवर काहीही न शोधता, आठवतं ते लिहून काढा. प्रसंग, वाक्यं, सुरुवातीचं संगीत, यानाचा आकार, ज्या भागाने रात्री झोप लागली नव्हती तो भाग. चुकीचं असेल तरी लिहा, किंबहुना चुकीचं असेल म्हणूनच लिहा. एकदा डिस्क बघितली की नवं चित्र जुन्यावर चढतं आणि मग आधी काय आठवत होतं हे काही केल्या परत मिळत नाही. माझ्या यादीत अकरा गोष्टी होत्या. चार बरोबर निघाल्या, तीन म्हणजे वेगवेगळ्या भागांची मिसळ होती, एक तर चक्क दुसऱ्याच मालिकेतली. उरलेल्या तीन अजून सापडायच्या आहेत.

त्याच कागदाच्या मागे एक प्रश्न लिहा: मी नेमकी कोणती प्रत पाहिली होती? उत्तर शोधताना तीन-चार गोष्टी तपासायच्या.

भाषा. मालिका डब केलेली पाहिली असेल तर तुमच्या नायकाचा आवाज हा त्या डबिंग कलाकाराचा आवाज आहे. तो डिस्कवर असेलच असं नाही. खोक्याच्या मागे ऑडिओच्या भाषा छापलेल्या असतात, त्या बघा. नसेल तर मूळ आवाज आणि सबटायटल यांच्यावर किमान तीन भाग काढा. पहिल्या भागात नायक तोतया वाटतो, तिसऱ्यापर्यंत सवय होते.

लांबी. ‘स्टार ट्रेक’ची मूळ मालिका (१९६६ ते १९६९, ७९ भाग) दर भागाला सुमारे ५० मिनिटांची होती. नंतर पुनःप्रक्षेपणात जाहिरातींना जागा करण्यासाठी तिच्यातली काही मिनिटं कापली जात. अशा मालिकांच्या डिस्कवर तुम्ही कधीच न पाहिलेले प्रसंग सापडतात, आणि ‘हे नव्याने घुसडलं की काय’ असा संशय येतो. उलटही होतं. खोक्यावरची भागाची लांबी मूळ प्रक्षेपणापेक्षा पाच-सहा मिनिटांनी कमी दिसली तर कापलेली प्रत विकली जाते आहे असं समजा.

गाणी. मालिकेत त्या काळची लोकप्रिय गाणी वाजत असतील तर सावध राहा. टीव्हीसाठी घेतलेले हक्क होम व्हिडिओला पुरत नाहीत, मग कंपन्या गाणं काढून तिथे भलतंच संगीत टाकतात. ‘क्वांटम लीप’च्या दुसऱ्या सीझनच्या डीव्हीडीत हे झालं आणि चाहते भडकले, कारण एका भागाचा शेवटचा हळवा प्रसंग संपूर्णपणे त्या गाण्यावर उभा होता. अशा मालिकेची कोणती आवृत्ती मूळ संगीतासह आहे हे घेण्याआधी विचारून घ्या.

आणि काही भाग उरलेलेच नसतात. १९६० आणि ७०च्या दशकांत बीबीसीने जुन्या टेप पुसून पुन्हा वापरल्या. ‘डॉक्टर हू’चे १९६०च्या दशकातले नव्वदहून अधिक भाग त्यात गेले. त्यांचा आवाज मात्र टिकला, कारण घरोघरचे चाहते टीव्हीसमोर टेपरेकॉर्डर लावून बसत. त्या आवाजावर ॲनिमेशन चढवून काही कथा डिस्कवर आल्या आहेत. मला त्या बघण्यापेक्षा डोळे मिटून ऐकायला जास्त आवडतात.

फिल्म की व्हिडिओ?

पैसे कशात घालायचे याचा निर्णय या एका प्रश्नावर होतो, म्हणून इथे जरा थांबू.

मालिका ३५ मिलिमीटर फिल्मवर चित्रित झाली असेल तर मूळ निगेटिव्हमध्ये टीव्हीवर कधी दिसलाच नाही इतका तपशील दडलेला असतो. तिचं ब्लू-रे घेण्यात अर्थ आहे. व्हिडिओ टेपवर झाली असेल तर चित्र मुळातच ४८० किंवा ५७६ ओळींचं. ते ताणून मोठं करता येतं, पण नसलेला तपशील आणायचा कुठून? अशा मालिकेची चांगली डीव्हीडी पुरते. ब्लू-रे घ्यायचंच तर एका डिस्कवर जास्त भाग मावतात आणि चित्र कमी दाबलेलं असतं, एवढाच फायदा धरा.

मधली अवस्था सगळ्यात फसवी. ‘स्टार ट्रेक: द नेक्स्ट जनरेशन’ (१९८७ ते १९९४, १७८ भाग) चित्रित झाली फिल्मवर, पण संकलन आणि स्पेशल इफेक्ट व्हिडिओवर. त्यामुळे ब्लू-रेसाठी मूळ निगेटिव्ह शोधून प्रत्येक भाग जवळजवळ नव्याने जुळवावा लागला. काम खर्चाचं होतं, आणि त्यानंतरच्या ‘डीप स्पेस नाइन’ आणि ‘व्हॉयेजर’ या मालिका तशा जुळवल्या गेल्या नाहीत. त्या आजही डीव्हीडीच्याच दर्जाच्या आहेत. ‘बॅबिलॉन ५’ (१९९३ ते १९९८) आणखी वेगळी: कलाकारांचे प्रसंग रुंद पडद्याचा विचार करून फिल्मवर घेतलेले, पण संगणकावरची याने जुन्या टीव्हीच्या ४:३ चौकटीत बनवलेली. जुन्या डीव्हीडीत चित्र रुंद दाखवण्यासाठी यानांचे प्रसंग वरून-खालून कापून मोठे केले आणि ते भुरकट झाले. २०२३ साली आलेल्या ब्लू-रेत पुन्हा ४:३ चौकट ठेवली आहे. त्यामुळे ‘रुंद म्हणजे चांगलं’ असं समजून जुना संच घेऊ नका.

ब्रिटिश मालिकांचं एक कोडं लहानपणी मला छळायचं. माणसं यानातून बाहेर पडली की हवाच बदलल्यासारखी वाटे. खरंच काहीतरी बदलत असे: आतले प्रसंग स्टुडिओत व्हिडिओ कॅमेऱ्यांवर आणि बाहेरचे १६ मिलिमीटर फिल्मवर घेण्याची पद्धत होती. ‘डॉक्टर हू’ची १९७० सालची ‘स्पिअरहेड फ्रॉम स्पेस’ ही कथा स्टुडिओतल्या संपामुळे पूर्णपणे फिल्मवर झाली, आणि म्हणूनच जुन्या पर्वातली खऱ्या अर्थाने हाय डेफिनिशनमध्ये येऊ शकलेली ती कथा ठरली.

नवे इफेक्ट हा वादाचा विषय. २००६पासून ‘स्टार ट्रेक’च्या मूळ मालिकेतली याने आणि ग्रह संगणकावर नव्याने बनवले गेले. २००९च्या ब्लू-रेत जुने आणि नवे दोन्ही आहेत. मेनूतून निवडता येतात. माझं मत विचाराल तर पहिल्यांदा जुनेच लावा. प्लास्टिकचं यान आणि पुठ्ठ्याचा ग्रह तुमच्या आठवणीत आधीच राहायला आलेले आहेत, त्यांना घराबाहेर काढू नका. नवे नंतर कुतूहल म्हणून बघा.

विकत घेताना

डीव्हीडीला रिजन कोड असतो, म्हणजे ती जगाच्या कोणत्या भागातल्या प्लेअरवर चालेल हे सांगणारा आकडा. उत्तर अमेरिका १, युरोप आणि जपान २, आग्नेय आशिया ३, ऑस्ट्रेलिया आणि लॅटिन अमेरिका ४, भारत, रशिया आणि बराचसा आफ्रिका ५, चीन ६. ब्लू-रेला तीनच: अमेरिका, जपान आणि आग्नेय आशिया ए, युरोप, आफ्रिका आणि ऑस्ट्रेलिया बी, भारत, चीन, रशिया सी. फोर-के डिस्कला रिजन नसतो. जुन्या परदेशी मालिका बहुधा १, २, ए किंवा बी याच रूपात मिळतात, तेव्हा आधी आपला प्लेअर काय वाचतो ते बघा आणि मगच संच मागवा. संगणकाच्या डीव्हीडी ड्राइव्हचा रिजन साधारण पाचच वेळा बदलता येतो. शेवटच्या वेळी जो ठेवाल तो कायमचा.

रिजनइतकीच महत्त्वाची, पण लोक विसरतात ती गोष्ट म्हणजे पाल की एनटीएससी, म्हणजे वेगवेगळ्या देशांतल्या टीव्हीच्या दोन पद्धतींपैकी कोणती. सेकंदाला २४ चौकटींची फिल्म पालमध्ये २५ चौकटींनी पळवतात, म्हणून ५० मिनिटांचा भाग ४८ मिनिटांत संपतो आणि आवाजाची पट्टी दुरुस्त केलेली नसेल तर सगळेजण किंचित वरच्या सुरात बोलतात. हे ऐकून ‘आवाज बदलले की काय’ असं वाटलं तर तुमचे कान चांगले आहेत.

जुना संच घेत असाल तर विक्रेत्याकडून प्रत्येक डिस्कच्या खालच्या बाजूचा फोटो मागा. नुसत्या खोक्याच्या फोटोवर जाऊ नका. कारखान्यात छापलेली डिस्क खालून चंदेरी दिसते, दोन थरांची असेल तर सोनेरी झाक असते. जांभळट किंवा निळसर दिसली तर ती घरी किंवा कुणाच्या मागच्या खोलीत भरलेली डिस्क आहे. संपूर्ण मालिका संशयास्पद कमी डिस्कमध्ये कोंबलेली, मुखपृष्ठावरचे फोटो धूसर आणि हक्कांची ओळ गायब, असं दिसलं की पुढे चला.

संच घरी आला की

उत्साहाच्या भरात पहिला भाग लावून मोकळे होऊ नका. आधी सगळ्या डिस्क तपासा, कारण परत करण्याची मुदत संपते तेव्हाच नेमकी पाचवी डिस्क अडकते. माझी अडकली होती, आणि विक्रेत्याने हात वर केले.

डिस्क काढताना मधलं बटण दाबून सोडवा; कड धरून वाकवली तर मधल्या छिद्राभोवती बारीक तडे जातात. दिव्यासमोर धरून बघा: धुरकट डाग, कडेकडून आत सरकणारी कांस्य छटा किंवा सुईच्या टोकाएवढी भोकं ही आतला थर खराब होऊ लागल्याची खूण. ते पुसून जात नाही. साधे बोटांचे ठसे मऊ सुती कापडाने मधून कडेकडे सरळ रेषेत पुसा, गोल गोल नको. मग प्रत्येक भागाची सुरुवात, मध्य आणि शेवट अर्धा-अर्धा मिनिट चालवून बघा. दोन थरांच्या डीव्हीडीत एका ठिकाणी चित्र क्षणभर थबकतं, तो दोष नव्हे. लेझर एका थरावरून दुसऱ्यावर जात असतो.

जुन्या व्हीएचएस कॅसेट असतील तर रीळ पांढरट दिसतंय का बघा. ती बुरशी आहे. ती कॅसेट प्लेअरमध्ये घातलीत तर प्लेअर आणि त्यानंतरच्या सगळ्या कॅसेट खराब होतील. कॅसेट निरोगी असेल तर रेकॉर्डिंगपासून वाचवणारी कडेची टिकली मोडलेली आहे ना ते पाहा, एकदा पूर्ण पुढे-मागे फिरवा आणि चांगल्या चालत्या प्लेअरवरून लगेच संगणकावर उतरवून घ्या. शेवटच्या मोठ्या उत्पादकाने २०१६ साली व्हीएचएस प्लेअर बनवणं थांबवलं. चालतं यंत्र मिळेल तोवर काम उरका.

टीव्हीची अक्कल काढून घ्या

आजचे टीव्ही अतिशहाणे असतात. जुन्या मालिकेचं सगळ्यात जास्त नुकसान तेच करतात. रिमोट घेऊन बसा आणि एकेक बदला.

चित्राचा आकार ४:३ किंवा ‘मूळ’ असा ठेवा. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या येतील, येऊ द्या. ताणलंत तर नायक बुटका आणि यान चपटं. झूम केलंत तर वरून-खालून मिळून चौथा हिस्सा चित्र जातं, आणि जुन्या मालिकांत चेहरे चौकटीत वरपर्यंत भरलेले असल्यामुळे कपाळं उडतात.

मोशन स्मूदिंग, म्हणजे मध्ये बनावट चौकटी घालून हालचाल गुळगुळीत करणारी सोय, बंद. वेगवेगळ्या कंपन्यांनी त्याला वेगवेगळी गोंडस नावं दिली आहेत. हालचाल, मोशन किंवा स्मूथ असा शब्द जिथे दिसेल ते बंद करा. फिल्मवरची मालिका ते चालू असताना एखाद्या बारशाच्या व्हिडिओसारखी दिसते. शार्पनेस जवळजवळ शून्यावर आणा, नॉइज रिडक्शन बंद करा, ‘व्हिविड’ सोडून ‘सिनेमा’ मोड घ्या.

संगणकावर बघत असाल आणि हलत्या वस्तूंच्या कडा कंगव्याच्या दातांसारख्या दिसल्या तर ते इंटरलेसिंग आहे, म्हणजे एकाआड एक ओळींनी चित्र दाखवण्याची जुन्या टीव्हीची पद्धत. व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये डीइंटरलेस चालू करा. व्हिडिओवरच्या मालिकेला ‘याडिफ २एक्स’ पर्याय चांगला, त्याने हालचाल तेव्हाच्या टीव्हीवर होती तशी सळसळीत दिसते.

आता एक उलटा सल्ला. चित्र फार स्वच्छ झालं तर खुर्ची मागे घ्या. दुरून डोंगर साजरे हे जुन्या सेटना तंतोतंत लागू पडतं. सेट बनवणाऱ्यांना ठाऊक होतं की घरच्या लहान पडद्यावर प्लायवूडच्या रेषा, मेकअपची कड आणि बाहुल्यांच्या तारा दिसणार नाहीत. ‘थंडरबर्ड्स’च्या (१९६५–६६, ३२ भाग) बाहुल्यांच्या तारा मोठ्या पडद्यावर मोजता येतात. काहींना त्यातच गंमत वाटते, मलाही वाटते, पण पहिल्या भेटीत नको. आणि तुमचाही तेव्हाचा टीव्ही माझ्यासारखा कृष्णधवल असेल तर एक भाग रंग शून्यावर आणून बघाच.

कोणत्या क्रमाने?

भागांचे निदान दोन क्रम असतात: चित्रित झाले तो आणि प्रक्षेपित झाले तो. कधी कधी तिसरा, निर्मात्यांच्या मनातला. ‘स्टार ट्रेक’चा पहिला प्रक्षेपित भाग ८ सप्टेंबर १९६६चा, पण मालिकेला मंजुरी मिळवून देणारा, कप्तान कर्क या नायकाचा पहिला भाग तिसरा दाखवला गेला. त्यामुळे आधी पाहिलेले गणवेश मध्येच वेगळे होतात. ‘फायरफ्लाय’ची (२००२) गत आणखी वाईट: कथेची ओळख करून देणारा पहिला भाग वाहिनीने सगळ्यात शेवटी दाखवला, आणि १४पैकी तीन भाग तेव्हा दाखवलेच नाहीत. डीव्हीडीवर तो क्रम सुधारला आहे. ‘द प्रिझनर’च्या १७ भागांत सुरुवात आणि शेवट तेवढे नक्की, मधल्यांवर चाहते अजून भांडतात.

कथा सलग असेल तर निर्मात्यांच्या क्रमाने जा. सुटे भाग असतील तर प्रक्षेपणाचा क्रम बरा, कारण मालिका हळूहळू स्वतःला कशी सापडत गेली ते त्यात दिसतं. पण दोन्ही बाबतींत पहिला भाग पहिला लावू नका, असं मी सांगेन. पहिल्या भागात पात्रं अजून ठरलेली नसतात, माहिती फार असते आणि लहानपणी तो तुम्ही बहुधा पाहिलेलाही नसतो. कागदावरच्या यादीतला सगळ्यात ठळक भाग आधी लावा. मग त्यातल्या एखाद्या पात्राचा कमी नावाजलेला भाग. मग मागे जाऊन क्रमाने सुरुवात.

किती आणि कसे

आठवड्याला दोन, फार तर तीन. हे भाग आठवड्याला एक अशा बेताने लिहिलेले होते. ‘स्टार ट्रेक’चे सलग पाच बघितले की पाचही वेळा माणसांना क्षणात दुसरीकडे पोचवणारं वाहतूक-यंत्र नेमकं गरजेच्या वेळी बंद पडतं, पाचही वेळा लाल शर्टातला अनोळखी शिपाई मरतो, आणि तुम्हाला मालिका भिकार वाटू लागते. दोन भागांत तीन दिवस गेले की त्याच युक्तीला तुम्ही जुन्या मित्राच्या ठरलेल्या विनोदासारखं हसता.

बघून झाल्यावर यादी काढा आणि आठवण व वस्तुस्थिती यांतला फरक तिथेच, त्याच कागदावर, वेगळ्या शाईने लिहा. बायकांना दिलेली दुय्यम कामं, परग्रहवासी म्हणून कुणाच्या तरी रंगावर आणि उच्चारांवर केलेली टवाळी, हेही तेव्हा नजरेतून निसटलेलं आता दिसेल. लिहून ठेवा आणि पुढचा भाग लावा. त्यावर मालिका फेकून द्यायची की नाही हे पाच-सात भागांनंतर ठरवलेलं बरं.

भाग रटाळ वाटला तर सोडा. लहानपणी पाणी प्यायला उठत होतातच की.

मुलांना दाखवायचं असेल तर

आधी कौतुक सांगू नका. ‘आमच्या वेळी हे बघून आम्ही’ असं वाक्य सुरू झालं की प्रकरण संपलं. मधला, स्वतंत्र, राक्षस असलेला, पन्नास मिनिटांच्या आतला भाग निवडा आणि तो तुमचा लाडका नसेल याची काळजी घ्या, म्हणजे नापसंत झाला तर लागणार नाही. आणि पडद्याकडे बघा, त्यांच्या चेहऱ्याकडे नको. मुलांना ते कळतं आणि मग ती तुमच्यासाठी घाबरल्याचं नाटक करतात. ‘हा माणूस आत बसलाय ना?’ असं कुणी विचारलं तर हो म्हणा, आणि झिप कुठे असेल ते दोघं मिळून शोधा.

संच ठेवताना डिस्क उभ्या ठेवा, उन्हापासून आणि ओलीपासून लांब, एकावर एक रचलेल्या खोक्यातून शक्यतो काढून प्रत्येकीला स्वतंत्र पाकीट द्या. कागद घडी करून खोक्यातच घाला. कोणत्या डिस्कवर चित्र अडकतं, कोणता भाग कोणत्या क्रमांकावर आहे आणि कोणते तीन प्रसंग अजून सापडायचे आहेत, ते त्यावर असू द्या.